कथासंग्रहाचे प्रकाशन आणि कथेतला माणूस

बीडसारख्या जिल्ह्याच्या गावी एखाद्या कथासंग्रहाचे प्रकाशन होते, तेव्हा समारंभाचा थाट ठरलेला असतो. रंगीत कागदात बांधलेल्या प्रती, फीत सोडणारे पाहुणे, शाल, श्रीफळ आणि ‘मातीचा गंध’ ह्या शब्दांनी सजलेली दोन-तीन भाषणे. ह्या आनंदात गैर काही नाही. दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षे विखुरलेल्या आपल्या कथा एका पुठ्ठ्यात आलेल्या पाहून लेखकाचा ऊर भरून यावा, हे स्वाभाविकच आहे. तरी दिवाळीच्या पुढेमागे होणाऱ्या अशा समारंभात सभागृहावरून नजर फिरवली की एक गोष्ट मनाला टोचते. दसरा उलटला की ह्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली असतात. ज्यांच्यावर कथा लिहिली, ती माणसे फडात. आणि कथेचा सत्कार गावात!

ही विसंगती मनात घोळू लागली की भास्कर चंदनशिव ह्यांच्या कथेकडे वळावेसे वाटते. १९४५ साली कळंब तालुक्यातील हासेगावी जन्मलेल्या आणि पुढे बीड येथे मराठीचे अध्यापन केलेल्या ह्या लेखकाचे ‘जांभळढव्ह’, ‘मरणकळा’, ‘अंगारमाती’, ‘नवी वारूळं’ आणि ‘बिरडं’ हे कथासंग्रह वाचकांसमोर आले. नुसती शीर्षके वाचली तरी जाणवते की, इथे खेडे हे रम्य स्मरण नव्हे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ने १९४९ साली मराठी वाचकाला गावाकडची माणसे जवळून दाखवली, शंकर पाटलांनी त्यांच्या बोलण्यातली खुमारी दाखवली. पाठोपाठ अनुकरणाचे पीक इतके उदंड आले की, ग्रामीण कथा म्हणजे इरसाल पाटील आणि पारावरच्या गप्पा, अशी शहरी वाचकाची सोयीस्कर समजूत झाली. चंदनशिवांनी ती मोडली. त्यांचा शेतकरी कोणाचे मनोरंजन करीत नाही.

‘लाल चिखल’ ही त्यांची कथा आपल्या घरांतील अनेक मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली आहे. बाप टोमॅटोच्या टोपल्या घेऊन बाजारात बसला आहे, सोबत शाळकरी मुलगा आहे. माल उदंड, गिऱ्हाईक नाही. आणि जे येते ते भाव पाडूनच मागते. अखेर बाप टोपल्या रस्त्यावर उलथ्या करतो आणि आपल्याच हातांनी पिकवलेला माल पायांनी तुडवू लागतो. लाल चिखल होतो. कथा इतकीच आहे.

वर्गात ही कथा शिकवताना डोळ्यांत पाणी आणण्याकडे बहुधा कल असतो. माझ्या मते त्यात कथेवर अन्याय होतो. तो बाप दया मागत नाही. मातीमोलाने विकण्यापेक्षा मातीतच घालीन, हा त्याचा निवाडा आहे, आणि भर बाजारात स्वतःचेच नुकसान करून तो निवाडा देतो. हे सारे मुलाच्या नजरेतून सांगितलेले असल्यामुळे लेखकाला भाष्य करण्याची गरजच उरत नाही. मुलाला बाजारभावाचे गणित समजत नसेल, परंतु बापाचा चेहरा त्याला समजतो. १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले. सभांमधून मांडला जाणारा तोच प्रश्न ह्या कथेत एका टोपलीएवढा होऊन येतो, आणि म्हणूनच टळत नाही.

चंदनशिवांच्या साऱ्याच कथा ह्या उंचीवर राहतात असे मात्र म्हणवत नाही. काही ठिकाणी लेखकाचा संताप पात्राच्या आधी बोलून जातो आणि माणसाऐवजी परिस्थितीच समोर उभी राहते. बोलीविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. त्यांची मराठवाडी बोली संवादाला लावलेली झालर नसून विचार करण्याची रीत आहे. प्रमाण मराठीत तोच मजकूर सांगून पाहावा. अर्थ उरतो, पण धग उरत नाही.

आज बीड जिल्ह्यातून नवा कथाकार पहिला संग्रह घेऊन येतो, तेव्हा पाहुणे त्याला ह्या परंपरेचा वारस म्हणून गौरवतात. गौरव सोपा असतो. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांमागे गावी आजीजवळ राहिलेले मूल, उचल फिटेना म्हणून पुन्हा त्याच मुकादमाकडे जाणारे जोडपे, कोयत्याच्या हिशोबात एक मानला जाणारा नवरा-बायकोचा दुहेरी घाम, ह्या विषयांवर लिहिताना लेखक कळवळ्यावर थांबतो की त्या बापासारखा एखादा निवाडा आपल्या पात्राच्या हाती देतो, हे भाषणांतून कळत नाही. त्यासाठी पुस्तक उघडावे लागते.

संयोजकांना एक सूचना करावीशी वाटते. प्रकाशन चैत्र-वैशाखात, गळीत हंगाम सरून तोडणीवाले गावी परतल्यावर, एखाद्या तांड्यावर किंवा वस्तीवर ठेवावे. भाषणे दोन कमी करावीत आणि संग्रहातील एक कथा मोठ्याने, सबंध वाचावी. ऐकणाऱ्यांपैकी कोणी मध्येच ‘असं नसतंय ते’ म्हणाला, तर लेखकाने वही काढावी.