‘महाराज’ : साक्षीचा विसर

सुरतेच्या गादीवरून मुंबईस आलेले जदुनाथजी महाराज आणि ‘सत्यप्रकाश’ पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांच्या वादावर सिद्धार्थ मल्होत्रा यांनी २०२४ साली ‘महाराज’ हा चित्रपट काढला. विषय निवडण्यातील धाडसाबद्दल दुमत नाही. आमचा आक्षेप निराळा आहे.

चित्रपटातील करसनदास वाग्दत्त वधूच्या मृत्यूने पेटून लेखणी उचलतो. त्यामुळे पत्रकाराचे कर्तव्य खाजगी सूडाच्या पातळीवर उतरते. वस्तुतः १८६० च्या लेखाबद्दल महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला आणि १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात, सर्वांसमक्ष, आपण कशाच्या आधारे लिहिले याचा जबाब करसनदासांना द्यावा लागला. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये म्हणून भाटिया ज्ञातीत घाट घातला गेला व त्याबद्दल काहींना शिक्षाही झाली. तरीही त्याच ज्ञातीतले मथुरादास लवजी पुढे आले. आपल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड वैद्य या नात्याने उभे राहिले. खरे नाट्य या उत्तरांत आहे. चित्रपट न्यायालयाचा भाग अखेरीस घाईने उरकतो.

देवस्थानांशी बांधलेल्या आम्हां मंडळींना हा विषय अवघड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु करसनदास वैष्णव कुळातलेच होते. घरच्याच माणसाने घरचा हिशेब मागितला. देवालयाच्या कारभारावर कोणी लिहिल्यास त्याला वाळीत टाकण्याऐवजी पुरावा विचारावा, आणि तो मिळाल्यास ऐकावा, एवढा बोध या कथेत होता. तो प्रेक्षकांच्या पदरी पडला नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.