चित्रपट-परीक्षण : ‘सेल्मा’

एव्हा ड्युव्हर्ने दिग्दर्शित ‘सेल्मा’ (२०१४) हा चित्रपट आम्ही नुकताच पुन्हा पाहिला. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९६५ साली कृष्णवर्णीयांनी मताधिकारासाठी काढलेल्या मोर्चांची ही कहाणी आहे. ता. ७ मार्च रोजी एडमंड पेटस पुलापाशी सुमारे ६०० निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर चालविला. तो प्रसंग पाहताना अंगावर काटा येतो. डेव्हिड ओयेलोवो यांचे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग दमतात, कचरतात, म्हणूनच खरे वाटतात.

पण आमच्या मते चित्रपटाचे मर्म पुलावर नसून मतदार-नोंदणीच्या खिडकीशी आहे. ॲनी ली कूपर अर्ज घेऊन येतात. अधिकारी विचारतो, राज्यात काउंटी न्यायाधीश किती? त्या उत्तर देतात, ६७. मग हुकूम सुटतो : सर्वांची नावे सांगा! अर्ज नामंजूर होतो. कायद्याने दिलेले टेबलावर कसे हिरावले जाते, ते येथे दिसते.

आपल्या वाचकांना येथे दुसरी एक खिडकी आठवेल. रब्बीनेटच्या १९६२ च्या सूचनांनंतर विवाहनोंदणीस गेलेल्या बेने इस्राएलांच्या मागील पिढ्यांची चौकशी होऊ लागली. तो प्रश्न मताचा नव्हता आणि आपले रक्तही सांडले नाही. तुलना ताणू नये. पण अपमानाची तऱ्हा ओळखीची आहे. १९६४ साली आपल्या लोकांनी जेरुसलेमात धरणे धरले, तेव्हा कोठे ऑगस्टमध्ये संसदेने आपण सर्व बाबतींत इतर यहुद्यांसारखेच असल्याचे जाहीर केले.

चित्रपटात दोन उणिवा जाणवल्या. ता. २१ मार्चच्या मोर्चात रब्बी अब्राहाम योशुआ हेशेल गळ्यात फुलांचा हार घालून पहिल्या रांगेत चालले होते. आपले पाय प्रार्थना करीत आहेत असे वाटले, असे ते पुढे म्हणाले. त्यांचे पात्र चित्रपटात नाही. त्यांच्या कन्येने याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, ती आम्हांस रास्त वाटते.

दुसरी उणीव अधिक मोठी. चित्रपट १९६५ च्या विजयाशी थांबतो. त्या वर्षीच्या कायद्याने भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घेणे भाग होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती अट निष्प्रभ झाली. सेल्मात दर मार्च महिन्यात लोक तो पूल पुन्हा चालून जातात, ते केवळ स्मरणासाठी नव्हे.

वाचकहो, हा चित्रपट थोरल्या मुलांना बरोबर घेऊन जरूर पाहा. आणि तो संपल्यावर १९६४ चे आपले धरणेही त्यांना सांगा. ते सांगणारे आता थोडेच उरले आहेत.