'वाडा चिरेबंदी' : एकत्र कुटुंबातील परस्पर-आधाराची चिकित्सा

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. 1955 मध्ये बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली येथे झालेल्या उत्खननातून ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर उजेडात आले. आज मात्र सामान्य माणसाला हे गाव केदारेश्वराचे दर्शन आणि नदीकाठावरील उत्तरक्रिया यांसाठी परिचित आहे. अशा प्रसंगी विखुरलेले कुटुंब एकत्र येते, खर्चाची तोंडमिळवणी होते आणि कोणी किती उचलायचे हा प्रश्न प्रथमच उघडपणे पुढे येतो. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (1985) या नाटकाचा आरंभबिंदू नेमका हाच आहे. हे नाटक विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्याचे असले, तरी त्यातील प्रश्न खानदेशातील वाचकाला परका वाटू नये.

ऱ्हासाच्या पलीकडे :
या नाटकाकडे सामान्यतः सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे चित्रण म्हणून पाहिले जाते. अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर, ढासळणाऱ्या भिंती आणि काळाचे भान हरवलेली दादी यांमुळे त्या वाचनाला आधारही मिळतो. परंतु या वाचनात एक गृहीत दडलेले आहे. पूर्वी कुटुंबात सर्वांना सांभाळून घेणारी एक समतोल व्यवस्था होती व ती पुढे मोडली, असे ते गृहीत होय. नाटकाची संहिता त्याला दुजोरा देत नाही.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता व समाईक पूजा यांवर भर दिला होता. देशपांड्यांच्या वाड्यात ही लक्षणे आढळतात. पण समाईक असणे म्हणजे समान असणे नव्हे, हे प्रत्येक पात्राच्या स्थितीतून उघड होते. थोरला भास्कर कर्ता म्हणून निर्णय घेतो. धाकटा चंदू घरातील पडेल ते काम निमूटपणे करतो आणि त्याच्या कष्टांची नोंद कोठेही होत नाही. प्रभाची शिकण्याची इच्छा घराण्याच्या प्रतिष्ठेपुढे गौण ठरते. स्वयंपाकघर, आजारपणे व आलेगेले यांचा भार वहिनीवर असतो. याचा अर्थ असा की, तात्याजींच्या निधनापूर्वीही काही जणांच्या न मोजलेल्या श्रमावरच इतरांचा आधार उभा होता.

हिशेब कोणाचा? :
तेराव्याच्या खर्चासाठी मुंबईच्या सुधीरकडून वाटा अपेक्षिला जातो, तेव्हा कुटुंबात हिशेबाची भाषा शिरते. पुढे वडिलोपार्जित दागिन्यांवरून ती अधिक तीव्र होते. मात्र हा हिशेब फक्त पैसा, सोने आणि वास्तू यांचाच होतो. चंदूच्या श्रमाची किंवा प्रभाच्या हुकलेल्या आयुष्याची किंमत त्यात कोणी धरत नाही. रंजू दागिने घेऊन पळून जाते. त्यामुळे ज्या वस्तूंवरून भाऊ एकमेकांकडे संशयाने पाहत होते, त्याच घराबाहेर जातात. नाटककाराने येथे कोणालाही खलपुरुष केलेले नाही. भास्करची अगतिकता आणि सुधीरची शहरी ओढाताण या दोन्ही खऱ्या आहेत. म्हणूनच दोष व्यक्तीचा न राहता रचनेचा ठरतो.

या संदर्भात सातपुड्यातील आदिवासी समाजातील 'लाह' या रीतीची तुलना उद्बोधक ठरते. शेतीच्या वा घरबांधणीच्या कामासाठी शेजारी व नातलग एकत्र येतात, यजमान त्यांना जेवू घालतो आणि पुढे त्यांच्या कामाला जाऊन श्रमाची फेड करतो. येथे आपुलकी आहे, पण कोण कोणाच्या कामाला गेले याचे भानही आहे. 'घरचेच तर आहे' असे म्हणून श्रम पुसून टाकला जात नाही. देशपांड्यांच्या वाड्यात नेमके हेच भान नाही.

कायदा आणि कुटुंब :
नाटक रंगभूमीवर आले तेव्हा महाराष्ट्रातील मुलीला 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार वडिलांच्या वाट्यात वारसाहक्क होता. मात्र एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क नव्हता. महाराष्ट्राने 1994 मध्ये व केंद्राने 2005 मध्ये दुरुस्ती करून तिला सहदायाद मानले. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात असे स्पष्ट केले की, या हक्कासाठी 2005 ची दुरुस्ती लागू होताना वडील हयात असण्याची अट नाही. कायद्याने प्रभाच्या पुढच्या पिढीला वाटा दिला. पण वहिनी आणि चंदू यांच्या श्रमाचा प्रश्न मालमत्तेच्या कायद्याने सुटणारा नाही. हे नाटक आजही जिवंत वाटते याचे एक कारण येथे सापडते.

समारोप :
'वाडा चिरेबंदी' एकत्र कुटुंबाचा धिक्कार करीत नाही, तसेच त्याचे गुणगानही करीत नाही. वृद्ध दादीला याच घरात निवारा मिळतो, ही वस्तुस्थिती नाटक नाकारत नाही. परंतु हा आधार कोणाच्या खांद्यावर उभा आहे, हे पाहण्यास ते प्रेक्षकाला भाग पाडते. 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' या पुढील नाटकांसह त्याचे अध्यापन करताना केवळ 'ऱ्हास' ही संज्ञा अपुरी पडते. वाटणीच्या वेळी दिसणारी कटुता ही प्रेम संपल्याची खूण नसून, आधी कधीच न केलेल्या नोंदींची थकबाकी असते, असा निष्कर्ष या संहितेतून निघतो. वर्गातील विद्यार्थ्यांपैकी अनेक जण अशाच घरांतून येत असल्याने हा निष्कर्ष वाङ्मयीन चर्चेपुरता मर्यादित राहू नये.