समोधान : दोन कथानकांचा सांधा

कथेत एकाहून अधिक कथानके आली की ती कोठे व कशाच्या आधारे जुळतात, हे तपासणे समीक्षेचे काम ठरते. पालि जातककथेने या सांध्यासाठी एक स्वतंत्र अंगच राखले आहे. जातकट्ठकथेतील ५४७ कथांत प्रथम पच्चुप्पन्नवत्थु, म्हणजे वर्तमानातील प्रसंग येतो. नंतर अतीतवत्थु, म्हणजे पूर्वीची कथा. आणि अखेरीस दोन्हींतील पात्रे जुळविणारे समोधान.

आंबेडकरी वाचक मात्र येथे थबकतो, कारण हा सांधा पुनर्जन्माचा आहे. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दैन्य ठरते, ही कल्पना समाजाला व राज्याला जबाबदारीतून मोकळे करते, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात दाखवून दिले आहे. मग ही रचनाच त्याज्य मानावी काय?

मातंग जातक (क्र. ४९७) पाहू. वर्तमानात मद्यधुंद राजा उदेन स्थविर पिंडोल भारद्वाज यांच्या अंगावर तांबड्या मुंग्या सोडवितो. अतीतकथेत चांडाळकुळातील मातंग तपस्वी होतो. ब्राह्मणांना अन्नदान करणारा त्याचाच पुत्र मांडव्य दारी आलेल्या पित्याला न ओळखता, हीन समजून हाकलून देतो. समोधान सांगते : तेव्हाचा मांडव्य म्हणजे उदेन, मातंग म्हणजे स्वतः बुद्ध.

येथे पीडा देणारा दोन्हीकडे एकच आहे. पीडित मात्र भिन्न आहेत. त्यामुळे ही जुन्या अपमानाची परतफेड ठरत नाही. चांडाळाचा जन्मही येथे पापाचे फळ म्हणून येत नाही. तो बोधिसत्त्वाचा जन्म आहे. पुनर्जन्म बाजूस ठेवला तरी कथानके सुटी होत नाहीत, कारण त्यांना बांधणारे सूत्र उन्मत्त आचरणाचे आहे.

तथापि एक उणीव नोंदविली पाहिजे. मातंग दिसताच विटाळ मानून डोळे धुणारी श्रेष्ठिकन्या दिट्ठमंगलिका पुढे त्याची पत्नी होते, आणि पुत्रासाठी त्याच्याकडे क्षमाही मागते. सर्वांत मोठे परिवर्तन तिचे. समोधानात मात्र तिला स्थान नाही.

आजोबांचा गाव आणि नातवाचे शहर एकाच कादंबरीत आणणाऱ्या आपल्या लेखकांनी हे जातक अवश्य वाचावे. दोन पिढ्यांची कथानके योगायोगाने जुळली की आचरणाने, आणि त्या जुळणीत घरातील स्त्री कोठे राहिली, हे दोन प्रश्न त्यांनी स्वतःच्या लेखनाला विचारावेत.