एका डॉलरचा हिशेब

पहाट झाली आहे. उघड्या मैदानात ट्रक उभे आहेत आणि त्यांच्याभोवती माणसांची दाटी. कुणी ओरडून आजचा दर सांगतोय, कुणी धडधाकट माणसं हेरतोय. ज्यांचं जमलं ते ट्रकवर चढतात, बाकीचे पुढच्या ट्रककडे वळतात. आपल्याकडच्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी दिसावं, तसंच. मग एक संथ, खालच्या पट्टीतला आवाज सांगू लागतो : हे काँगो नाही. जोहान्सबर्गशी किंवा केपटाउनशी याचा काही संबंध नाही. हे फ्लोरिडा आहे आणि ही माणसं १९६० सालातली अमेरिकेची नागरिक आहेत.

सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ या माहितीपटाची ही सुरुवात. आवाज एडवर्ड आर. मरो यांचा. मी ती अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी त्या ‘नाही’पाशी अडखळलो आहे. त्याच वर्षी काँगो स्वतंत्र होऊन धुमसत होता. दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर गोळ्या चालवल्या होत्या. लांबच्या दुःखाबद्दल हळहळायची सवय अमेरिकी प्रेक्षकाला बातम्यांनीच लावली होती. समोरची गर्दी पाहून त्याचं मन आपसूक परदेशी धावणार, हे मरो ओळखून आहेत. ते आधी पळवाटा बुजवतात आणि मगच जागेचं नाव उच्चारतात.

प्रसारणाचा दिवसही असाच नेमका साधलेला : २५ नोव्हेंबर १९६०, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस. सुगीबद्दल देवाचे आभार मानायचा, भरल्या ताटांचा हा सण. घराघरांत आदल्या रात्रीचं उरलेलं जेवण असताना पडद्यावर ते अन्न तोडणारे हात आले. तारखेची ही निवड मला या कलाकृतीचाच भाग वाटते.

निर्माते डेव्हिड लो कित्येक महिने या मजुरांच्या मागावर होते. हिवाळ्यात फ्लोरिडा, मग पिकं तयार होतील तसतसं किनाऱ्याने उत्तरेकडे. टोळी गोळा करणारा, तिची ने-आण करणारा, मालक आणि मजूर यांच्यामध्ये उभा असणारा माणूस तिथे ‘क्रू लीडर’. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बीडमधून दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना तो मुकादम म्हणून जन्मभर भेटतो. उचल घेतलेली, पोरंबाळं सोबत, शाळा सुटलेली. म्हणूनच हा साठेक वर्षांपूर्वीचा परदेशी माहितीपट मला परका वाटत नाही.

त्यातला एक प्रसंग मात्र माझ्या मनातून जात नाही. नऊ वर्षांचा एक मुलगा घरी धाकट्या बहिणींना सांभाळतोय. आई शेतावर गेली आहे. त्याच्या पायाला जखम झालेली. अंथरुणाला एक भोक आहे. ते कसं पडलं, असं विचारल्यावर तो सांगतो, उंदरांनी केलं. आवाजात तक्रार नाही. पावसाने अंगण ओलं झालं हे सांगावं, तितक्या सहज. कॅमेरा घाई करत नाही आणि निवेदक मध्ये पडत नाही.

मग शेतावर त्याची आई भेटते. लो तिला विचारतात ते सगळे प्रश्न आकड्यांचे आहेत. सकाळी किती वाजता आलात? आज किती मिळाले? दिवसभर शेंगा तोडून तिला मिळाला एक डॉलर. आणि मुलांना पाळणाघरात ठेवायचं तर दिवसाला पंच्याऐंशी सेंट पडतात.

बस, एवढंच. पोरं घरी एकटी का, हे यापुढे कुणाला विचारावं लागत नाही. आईला निष्काळजी म्हणायला निघालेली जीभ त्या वजाबाकीत जागीच थांबते. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हा प्रश्न आज आपल्या वाहिन्यांवर रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर दांडकं धरून विचारला जातो. लो तो विचारत नाहीत. ते हिशेब विचारतात, आणि हिशेब सांगणारं माणूस ताठ उभं राहतं, त्याची कीव करायला जागा उरत नाही. शोधपत्रकारितेचा अर्थ गुप्त कॅमेरा आणि छापा असाच आपण धरून बसलो आहोत. इथे लपवलेलं काहीच नव्हतं. नाका उघड्यावर भरत होता, दर ओरडून सांगितला जात होता. शोध होता तो दोन आकडे शेजारी ठेवण्यात.

असाच शेजार मरो प्रवासाच्या भागात साधतात. बाजाराला जाणारी भाजी नीट बांधून नेतात. गुरांना तर कायद्याचं संरक्षण : दर अठ्ठावीस तासांनी चारा, पाणी आणि पाच तास विश्रांती द्यावीच लागते. माणसांचे ट्रक मात्र दहा-दहा तास न थांबता धावतात आणि प्रवास चार-चार दिवस चालतो. मरो या तुलनेवर शेरा मारत नाहीत. कायद्यातलं कलम वाचावं तसं वाचतात आणि पुढे जातात.

शेतमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष चार्ल्स शुमन यांनाही बोलू दिलं आहे, शांतपणे, त्यांच्या जागी बसून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कुणी त्यांच्यावर ओरडत नाही. पण तोवर आपण ते अंथरूण पाहिलेलं असतं. शुमन यांचं प्रत्येक वाक्य त्यामुळे आपण त्या मुलाशेजारी बसून ऐकतो. मजूरमंत्री जेम्स मिचेल यांची मुलाखत याउलट. सरकारातला माणूस, पण या स्थितीने त्यांचं मन अस्वस्थ आहे, हे ते लपवत नाहीत. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्याने शेतमजुरांना बाहेर ठेवलं होतं. तो उंबरठा मंत्र्यालाही ओलांडता आलेला नव्हता.

शेवटी मरो प्रेक्षकाशी थेट बोलतात. तुमची फळं, तुमची भाजी तोडायची ताकद या माणसांत आहे; कायद्यावर प्रभाव टाकायची नाही. कदाचित आपल्यात ती असेल. आणि लगेच निरोप. ‘तुमची भाजी’ म्हणताना प्रेक्षक समोर, एकटा, देणेकरी आहे. पुढच्याच वाक्यात मरो त्याच्या शेजारी येऊन उभे राहतात, ‘आपण’ होतात. तो ‘कदाचित’ मला कुठल्याही घोषणेपेक्षा जड वाटतो. त्यात हुकूम नाही, म्हणूनच तो झटकता येत नाही.

पुढची गोष्ट सांगताना त्रास होतो. १९६१ मध्ये केनेडी सरकारने मरो यांना परदेशात अमेरिकेची बाजू मांडणाऱ्या माहिती खात्याचं प्रमुख केलं. बीबीसी हा माहितीपट दाखवणार हे कळल्यावर त्यांनी तो दाखवू नये, अशी बीबीसीला विनंती केली. देशाची बदनामी होईल म्हणून. ज्या आवाजाने पळवाटा बुजवल्या, त्याच आवाजाने फोनवरून ही विनंती करावी, याचं मला आजही वाईट वाटतं. मी त्यांची बाजू समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे, जमलेलं नाही.

बीबीसीने विनंती मानली नाही. ब्रिटनमधल्या घरांत ते अंथरूण, तो मुलगा आणि त्याच्या आईचा एक डॉलर ठरल्याप्रमाणे दिसले.