सनी रॉलिन्स यांच्या ध्वनिमुद्रिका आणि अध्याहार

बेबॉप शैलीच्या चपळ वादनास ब्लूज व चर्चमधील गायन यांची जोड मिळून १९५० नंतरच्या दशकात जॅझ संगीतात ‘हार्ड-बॉप’ हा संप्रदाय रूढ झाला. त्यातील टेनर सॅक्सोफोनवादकांत सनी रॉलिन्स यांचे स्थान अग्रगण्य होय. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी दोन मते वारंवार मांडली जातात. ती तपासून पाहावीत आणि त्यांत न सापडणाऱ्या एका गुणाकडे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिले मत गुंथर शुलर यांचे. ‘सॅक्सोफोन कलोसस’ (१९५६) या मुद्रिकेतील ‘ब्लू सेव्हन’ या वादनाचे त्यांनी १९५८ साली विश्लेषण केले. आरंभीच्या धुनेतील अल्पसे स्वरखंड घेऊन रॉलिन्स त्यांतूनच सारा विस्तार उभारतात, हे त्यांनी साधार दाखविले. हे विवेचन मोलाचे आहे. तथापि एका वाक्याच्या पृथक्करणावरून सबंध भाषेचे व्याकरण सिद्ध होत नाही.

दुसरे मत आपल्याला सुखावणारे आहे. १९६८ च्या सुमारास रॉलिन्स मुंबईतील पवई येथे स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिले, १९७८ च्या मुंबईतील ‘जॅझ यात्रे’त त्यांनी वादन केले, पुढे ‘पतंजली’ नावाची एक रचनाही केली. यावरून त्यांच्या संगीतावर भारतीय छाप शोधण्याचा मोह होतो. परंतु ज्या मुद्रिकांवर त्यांची कीर्ती मुख्यतः उभी आहे, त्या १९५६ ते १९५८ मधील, म्हणजे पवईच्या वास्तव्यापूर्वी दहा वर्षांच्या आहेत. आत्मीयता म्हणजे पुरावा नव्हे.

मग या वादनाचे मर्म कोठे आहे? ‘वे आउट वेस्ट’ (१९५७) आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये श्रोत्यांसमोर मुद्रित झालेले वादन यांत पियानो मुळीच नाही; साथीला केवळ बास व ड्रम आहेत. जॅझमध्ये धुनेखालील स्वरसमूह एरवी पियानो पुरवितो. तो आधार येथे काढून घेतला आहे. व्याकरणात यास अध्याहार म्हणतात. मलकापूरच्या फलाटावर ‘कुठे?’ या प्रश्नास ‘भुसावळला’ एवढेच उत्तर मिळाले, तरी कर्ता व क्रियापद ऐकणारा मनात पुरवितो. रॉलिन्सही श्रोत्याकडून नेमकी हीच अपेक्षा करतात.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. अध्याहारास वक्ता व श्रोता यांचे समान ज्ञान लागते; अमेरिकन नाट्यगीते ज्याच्या कानावर पडलेली नाहीत, त्याने काय पुरवावे? प्रस्तुत लेखकास व्हॅनगार्डमधील ‘सॉफ्टली, अ‍ॅज इन अ मॉर्निंग सनराइज’ प्रथम अपुरेच वाटले होते. पुढे पियानोवादक सनी क्लार्क यांनी त्याच वर्षी मुद्रित केलेले तेच गीत ऐकले आणि पुन्हा रॉलिन्सकडे वळल्यावर रिकाम्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. तेव्हा हेही ध्यानात आले की, स्वरसमूह जेथे पालटतो तेथे त्यातील सूचक स्वर रॉलिन्स आपल्या धुनेतच ठेवून जातात. विभक्तिप्रत्ययावरून न उच्चारलेल्या क्रियापदाचा अंदाज यावा, तसे हे घडते. ‘भुसावळला’ यातील ‘ला’ गेला, तर अध्याहारही गेला.

म्हणून आमच्या मते ‘सॅक्सोफोन कलोसस’ ही अधिक रेखीव मुद्रिका असली, तरी व्हॅनगार्डमधील वादन श्रेष्ठ ठरते. पहिलीत रचना श्रोत्याला दाखविली जाते. दुसऱ्यात ती त्याच्याकडून पुरी करून घेतली जाते. आपल्या मैफिलीत तंबोरा षड्जाची आठवण अखंड देत असतो. येथे तशी सोय नाही. श्रोत्याचे लक्ष ढळले की आधारही ढळतो, आणि ज्याने लक्ष दिले त्यास सोबत्याचा मान मिळतो. अपरिचित संगीताविषयी ‘आम्हांस ते कळावयाचे नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही एक मुद्रिका दोनदा ऐकून पाहावी.