वर्ड प्रोसेसरमधील मॅक्रो आणि नवशिका : ‘रेकॉर्डिंग’ पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकावर प्रबंध, अहवाल वा प्रश्नपत्रिका तयार करताना एकच क्रिया शेकडो वेळा करावी लागते. अशा क्रियांची साखळी एका नावाखाली साठवून ती हवी तेव्हा पुन्हा घडवून आणणे म्हणजे मॅक्रो होय. नवशिक्याला मॅक्रो शिकविण्याची रूढ वाट रेकॉर्डरवरून जाते. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट वर्डच्या संदर्भात या पद्धतीचे बलस्थान व तिच्या मर्यादा तपासल्या आहेत.

पद्धतीचे बलस्थान :
रेकॉर्डर सुरू करावा, नेहमीच्या क्रिया कराव्यात आणि तो थांबवावा, इतकीच कृती अपेक्षित असते. वर्ड ९७ या आवृत्तीपासून या क्रिया व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स या भाषेत आपोआप लिहिल्या जातात. संगणकाची एकही आज्ञा ठाऊक नसलेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्याच तासिकेत चालणारा मॅक्रो येतो. भीती घालविण्याचे हे सामर्थ्य नाकारता येत नाही.

मर्यादा :
तथापि रेकॉर्डर कृती टिपतो, हेतू टिपत नाही. ‘जर–तर’ ही अट आणि ‘तोपर्यंत पुन्हा कर’ ही आवृत्ती त्याच्या कक्षेबाहेर राहते. दोन रिकाम्या जागांऐवजी एक जागा ठेवण्याचा मॅक्रो रेकॉर्ड केल्यास सलग चार जागांच्या दोनच होतात. काम पूर्ण झाल्याचा मात्र भास होतो.

मराठी मजकुरात धोका अधिक गंभीर आहे. ‘शासन’ या शब्दाच्या जागी सर्वत्र ‘सरकार’ घालणारा मॅक्रो ‘प्रशासन’चे ‘प्रसरकार’ आणि ‘अनुशासन’चे ‘अनुसरकार’ करतो. केवळ पूर्ण शब्द शोधण्याचा पर्याय निवडल्यास ‘शासनाने’, ‘शासनाचे’ ही रूपे तशीच राहतात. शिवाय ‘शासनाचे’ या रूपाच्या जागी ‘सरकाराचे’ नव्हे, ‘सरकारचे’ हे रूप रूढ आहे, हे यंत्राला कोणी सांगावयाचे? येथे प्रश्न कळ दाबण्याचा नसून सामान्यरूपाच्या ज्ञानाचा आहे. इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या पाठांत तो उद्भवतच नाही, म्हणून त्याचे उत्तरही तेथे सापडत नाही.

रेकॉर्ड झालेला मजकूर वाचू पाहणाऱ्यास दुसरा अडथळा येतो. व्हिज्युअल बेसिकच्या संपादकात देवनागरी अक्षरे थेट लिहिता येत नसल्याने ती युनिकोड क्रमांकांच्या रूपात येतात. उदाहरणार्थ, ‘श’साठी २३५८. हे आधी सांगितले नसल्यास नवशिका मॅक्रो बिघडला असे समजून तो मिटवून टाकतो.

सुरक्षिततेचा प्रश्न :
१९९९ मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या मॅक्रोमधूनच पसरला. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मूलतः रोखण्यास प्रारंभ केला. स्वतःचा मॅक्रो वाचण्याची सवय नसलेली व्यक्ती परक्या मॅक्रोची पारख करू शकत नाही. त्यामुळे वाचन हा अध्यापनाचा शेवटचा नव्हे, आरंभीचा भाग ठरतो.

निष्कर्ष :
रेकॉर्डर त्याज्य नाही. त्याचे स्थान बदलणे आवश्यक आहे. प्रथम काम काय आहे व ते कोठे थांबावे, हे विद्यार्थ्याने साध्या मराठी वाक्यांत लिहावे. नंतर रेकॉर्डिंग करावे, लिहिला गेलेला मॅक्रो ओळीने वाचावा, त्यातील एकच गोष्ट बदलून पाहावी आणि चाचणी मूळ फाइलीवर न घेता तिच्या प्रतीवर घ्यावी. या क्रमाने पहिला मॅक्रो काहीसा उशिरा तयार होईल. परंतु तीनशे पृष्ठांच्या प्रबंधात एका क्षणात पसरणारी आणि छपाईनंतर लक्षात येणारी चूक टळेल. कळ कोणती दाबावी हे शिकविणे म्हणजे प्रशिक्षण होय. कळ दाबल्यावर काय घडेल याचा विचार करावयास लावणे म्हणजे अध्यापन होय. महाविद्यालयाकडून अपेक्षा दुसऱ्या गोष्टीची आहे.